निळी साय

१

निंबेवाडीची पुष्पावती तापाने गेली, असं गावाने एकमताने ठरवून टाकलं होतं. एरवी विहिरीच्या दोरावरूनही दोन तट पडणाऱ्या गावाचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं, की तिथे काहीतरी झाकायचं असतं, हा डॉ. राधाकृष्ण मुळ्यांचा नोकरीतला अनुभव होता. नोकरी जनावरांच्या डॉक्टरची. जनावरं खोटं बोलत नाहीत, त्यामुळे खोटं कसं ऐकायचं हे त्यांना मालकांकडूनच शिकावं लागलं होतं.

वडील नगरच्या एका आडतीवर दिवाणजी होते. त्यांच्याकडून मुळ्यांना एकच इस्टेट मिळाली, माणसं खात्यावर मांडायची खोड. समोरचा बोलू लागला की हे मनातल्या मनात डावीकडे जमा, उजवीकडे नावे टाकत बसायचे. अमका तीन खरं बोलला, एक खोटं; बाकी अमुक. निंबेवाडीचा हिशोब मात्र महिनाभर जुळत नव्हता.

पाथर्डीच्या दूध केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक गावच्या कॅनमधलं थोडं दूध ते तपासत. परीक्षा सोपी होती. काचेच्या नळीत दूध घ्यायचं, त्यात जंतूंच्या औषधाचा निळा थेंब टाकायचा, नळी तासभर कोमट पाण्यात ठेवायची. दूध निरोगी असेल तर साय पांढरी राहते आणि खालचं दूध निळसर दिसतं. गावातल्या एखाद्या जनावराला गाभ टाकण्याचा संसर्ग असेल, तर उलटं होतं. दूध पांढरं आणि वर सायीची निळी कडी.

निंबेवाडीच्या नळीत निळी कडी आली होती. शाईने आखल्यासारखी.

मुळे लगेच गावात गेले, दूध सोसायटीच्या ओट्यावर सभा घेतली, सगळ्यांना विचारलं, "कुणाची गाय गाभडली का?" कुणाचीच नव्हती. "गाईचं दूध कच्चं पिऊ नका, हा रोग माणसालाही होतो, पोटुशी बाईला तर फार वाईट," असं बजावलं. मग गावातल्या सगळ्या गाईंच्या मानेच्या शिरेतून रक्त काढून घेतलं. एकही गाय सुटली नाही. मोजायला ते स्वतः चिंचेखाली उभे होते.

रक्त सगळं स्वच्छ निघालं.

त्यांनी कॅनचं दूध पुन्हा तपासलं. साय पुन्हा निळी! दूध म्हणत होतं, रोग आहे. रक्त म्हणत होतं, नाही. या दोघांच्या भांडणात सोसायटीचे चेअरमन उत्तमराव यांची धाकटी सून, पाच महिन्यांची पोटुशी पुष्पावती, संध्याकाळी चढणाऱ्या आणि पहाटे घामाने उतरणाऱ्या तापाने आठवडे काढून, शेवटी पोट गळून, रक्त न थांबता, दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्ये संपली.

ती बातमी ऐकून मुळे निंबेवाडीत आले, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी मच्छिंद्र फाट्यावरच त्यांची वाट बघत होता. पंचविशीचा, चुणचुणीत, कानावर पेन्सिल. आज मात्र त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"डॉक्टरसाहेब, आमची भन मनकर्णा आलीय बाळातपनाला. सातवा चाललाय." त्याने मुळ्यांची पिशवी हातात घेतली. "कालच्यापून तिला सांजचा ताप भरतोय."

२

मनकर्णेला बघून मुळे बाहेर आले. तिच्या आईने, छबूबाईने, ओसरीवर त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि उंबऱ्यात उभी राहिली. नवरा गेल्यापासून एका गाईवर आणि दोन लेकरांवर तिने घर उभं ठेवलं होतं.

"पहिलटकरीन हाय," एवढंच ती म्हणाली.

"तिला नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, मावशी."

"तिचा नवरा लढाईवर गेलाय. सासरच्यांना इचारल्याबिगर कशी हलवू? परवाच्याला सासरा यायचाय. तवर रोग कुठला ते तर सांगा."

म्हणजे मुळ्यांकडे परवापर्यंतची मुदत होती. ते आधी उत्तमरावांकडे गेले. गावातला पहिला संकरित गाईंचा गोठा यांचा. आल्यागेल्याला चहाआधी गाई दाखवायची पद्धत. आज सुतक होतं, म्हणून चहा नव्हता. गाई मात्र दाखवल्या.

"चेअरमन, ही चांदणी चार महिन्यांपूर्वी गाभण होती. मीच तपासली होती. वासरू कुठंय?"

उत्तमरावांनी मिशीवरून हात फिरवला. हात मिशीवरून फिरला की पुढचं वाक्य उजव्या बाजूला मांडायचं, हे मुळ्यांना ठाऊक होतं.

"पाहुण्याला दिलं."

"दिवस भरायच्या आधीच, पोटातलंच?"

शेजारी उभ्या असलेल्या गड्याने खाली मान घालून हसू दाबलं. उत्तमरावांनी त्याला गवत आणायला पिटाळलं आणि आवाज खाली आणला. "बैलानं शिंग मारलं हो, डॉक्टर. गाभ पडला. आता चेअरमनच्याच गोठ्यात गाय गाभडली म्हनल्यावर गाव काय म्हनंल? रातोरात पुरलं. पन तुमी रक्त काढलं, त्यात कुठं काय निघालं?"

निघालं नव्हतं, हे खरंच होतं. मुळ्यांनी चांदणीचं रक्त तिथल्या तिथे पुन्हा काढून काचेवर औषधाबरोबर मिसळलं. एकही कण जमला नाही. गाय निर्दोष, मालक खोटारडा, पण निर्दोष.

"सून गोठ्यात जायची?"

"पुष्पा? न्हाई हो. शहरातली पोर ती. शेणाला हात न्हाई लावला कधी. आन् दिवस गेल्यापून तर गाईच्या दुधाचा वास आला तरी उमळायचं तिला. घोटभर घेतलं न्हाई पोरीनं." म्हाताऱ्याचा आवाज तिथे फाटला. "म्हनून तर म्हनतो, दुधाबिधाचं काय न्हाई. तिचं आयुष्यच तेवढं."

मुळे उठले. गाईला शिवली नाही, गाईचं दूध प्यायली नाही, अशा बाईला गाईचा रोग कुठून झाला? हिशोब जुळायच्या ऐवजी एक रक्कम आणखी वाढली होती.

३

सोसायटीत दूध घालणाऱ्या गहिनीनाथची चौकशी त्यांनी मुद्दाम पारावर केली. गहिनीनाथ चारचौघांत जास्त बोलतो, आणि जास्त बोलणारा माणूस न विचारलेलंही देऊन जातो.

"ये, गहिनीनाथ. रक्त काढायच्या आदल्या दिवशी तुझी तांबडी गाय कुठे गेली?"

"घोडेगावच्या बाजारात. माझी गाय, मी इकली. सरकारला इचारून इकायची का?"

"रक्त काढणार हे कळल्यावरच विकलीस."

"मंग? सरकार आज रक्त काढतंय, उद्या गाय काढून न्हील." पारावरचे हसले. गहिनीनाथला हुरूप आला. "आन् डॉक्टर, माझी गाय असंल रोगी, तर ती गेल्यावर तुमची साय पांढरी व्हायला पायजे का न्हाई? झाली का?"

नव्हती झाली. गाय गेल्यानंतरच्या कॅनमध्येही साय निळीच आली होती. गहिनीनाथचा मुद्दा बिनतोड होता. त्याच्या आयुष्यातला बहुधा पहिलाच.

"तुमी आमच्या गोठ्यात इचार करत बसा," तो पुढे म्हणाला. "मला तर मच्छिंद्राचं कौतुक वाटतं. माझी गाय गेली, सहादूची आटली, थंडीत हिरवा चारा न्हाई. घरोघर दूध निम्म्यावर आलंय. पन आपला कॅन रोज गळ्यापत्तोर! कॅन भरला न्हाई तर टेम्पो आपल्या फाट्याला थांबत न्हाई म्हनत्यात. थांबतोय की न्हाई रोज? लक्षुमी हाय पोराच्या हातात!"

सगळे पुन्हा हसले. मुळे हसले नाहीत. विहिरीत पाणी कमी आणि मोट मात्र भरलेली, असा हिशोब वडिलांच्या आडतीवर कुणी दाखवला असता, तर वडिलांनी चष्मा पुसायला घेतला असता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मुळे सोसायटीच्या खोलीत दाराशीच स्टूल टाकून बसले. थर्मासमध्ये बर्फावर औषध, शेजारी स्टोव्हवर कोमट पाणी. माणसं चरव्या घेऊन येत होती. प्रत्येक चरवीतलं थोडं दूध त्यांनी वेगळ्या नळीत घेतलं, नळीवर घराचं नाव चिकटवलं, मगच मच्छिंद्राने ती चरवी कॅनमध्ये रिकामी केली. छबूबाईच्या चरवीचंही घेतलं.

"आमच्या घरचं बी?" मच्छिंद्र म्हणाला.

"तुझ्या घरचं आधी."

तो कसंनुसं हसला. शेवटचं घर येऊन गेलं, तेव्हा मुळ्यांनी कॅनमध्ये डोकावून बघितलं. दूध गळ्याच्या चांगलं वीतभर खाली होतं. ते मागे झाले. मच्छिंद्राने झाकण ठोकलं, कॅन सायकलच्या कॅरिअरला आवळला आणि फाट्याकडे निघाला. मुळे नळ्या घेऊन मागच्या वाटेने मोटारसायकलवर पाथर्डीला गेले आणि केंद्रावर टेम्पोची वाट बघत थांबले.

टेम्पो आला. निंबेवाडीचा कॅन उतरला. त्यांनी स्वतः झाकण उचललं.

दूध गळ्यापर्यंत होतं.

तासाभराने त्यांच्यापुढे नळ्यांची रांग लागली होती. घरोघरच्या नळ्यांत साय पांढरी स्वच्छ. एकही घर सुटलं नव्हतं, एकही दोषी नव्हतं. आणि शेवटची, कॅनची नळी: वर निळी कडी. सगळ्या निरोगी दुधांची बेरीज रोगी! गणितात असं होत नाही. म्हणजे बेरजेत एक आकडा असा होता, जो कुणी मांडलाच नव्हता.

संध्याकाळी त्यांनी मच्छिंद्राला सोसायटीत गाठलं.

"वाटेत कॅनमध्ये काय ओतलंस?"

"पानी घातलं म्हनताय? लॅक्टोमीटर लावा, साहेब!"

"लावलाय. पाणी नाही. फॅट पण बरोबर आहे. म्हणून तर विचारतोय. ते दूधच आहे. कुणाचं?"

मच्छिंद्राने कानावरची पेन्सिल काढून पुन्हा खोचली. आतल्या घरातून मनकर्णेच्या कण्हण्याचा आवाज आला. सोसायटी आणि छबूबाईचं घर यांत भिंत एकच होती. मच्छिंद्राने त्या भिंतीकडे बघितलं.

"साहेब, माझ्या भनीला गाईच्या दुधाचा एक थेंब देत न्हाई मी. तुमी सभेत सांगितलं त्याच दिशी आयेला बजावलं, पोरीला गाईचं कच्चं दूध न्हाई द्यायचं म्हंजी न्हाई. आन् काय करू सांगा."

हे वाक्य मुळ्यांनी डावीकडे, जमेला मांडलं. खरं होतं ते. फक्त त्यात काय नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात यायला आणखी एक रात्र जावी लागली.

५

सकाळी ते सायकलच्या वाटेने पायी निघाले. गावापासून फाट्यापर्यंत वस्ती अशी नव्हतीच. बाभळी, वाळलेला ओढा, आणि ओढ्याच्या काठाला बनुबाईचं छप्पर. बनुबाई एकटी म्हातारी. सोसायटीची सभासद नाही, कारण सोसायटी फक्त गाईचं दूध घेते आणि बनुबाईकडे गाय नव्हती.

छपरापुढे सायकलच्या चाकाची ओळ धुळीत वळून आत गेली होती. कुंपणाच्या आत शेळ्या होत्या. मुळ्यांनी एकीच्या कासेला हात लावला. कास रिकामी पण मऊ होती, नुकतंच दूध काढलेली. दुसरीची तशीच, तिसरीचीही तशीच. सगळ्या दुभत्या. त्यांनी कुंपणभर नजर फिरवली आणि जागच्या जागी उभे राहिले.

एवढ्या दुभत्या शेळ्यांत उड्या मारणारं एक करडू नव्हतं.

"मावशी, करडं कुठायत?"

"लांडग्यानं न्हेली," बनुबाई म्हणाली. पाठ केलेल्या धड्यासारखं.

"सगळी? आणि शेळी एकही नाही नेली? भलताच धर्मात्मा लांडगा म्हणायचा."

म्हातारीने डोळे मिचकावले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाची पुंजी एका वाक्यात संपते. ती मटकन खाली बसली.

"काय सांगू बाबा. दिवाळीच्या आधीपून एकेक शेळी गाभ टाकाया लागली. मेलेली करडं. मच्छिंद्र म्हनला, कुनाला सांगू नगंस, इचारलं तर लांडगा सांग. त्यो रोजचं दूध न्हेतो, मला सोसायटीतली पेंड देतो. त्याच्या कॅनात खळगा पडतो म्हन. म्या म्हनलं, माझी शेरडं जगत्यात."

"सगळं दूध तोच नेतो?"

"सगळं कसं? दोन तांबे मी ठेवते. शेरडीचं दूध औशीद असतं बाबा, हलकं, पोटुशीला लई चांगलं. चेअरमनच्या धाकल्या सुनंला गाईच्या दुधाचा वास सोसना, तवा तिला मीच देत हुते. धारोष्णच प्यायचं, उकळलं की गुन जातो. ती बिचारी गेली." तिने डोळ्याला पदर लावला. "दुसरा तांब्या छबूबाई न्हेती, म्हैना झाला."

मुळे तिच्यापुढे उकिडवे बसले. "छबूबाई? कशाला?"

"मनकर्णेसाटी. पोरानं सांगितलं म्हन, गाईचं दूध बंद. मंग पोटुशीनं प्यायचं काय? येती उजाडता, पदराखाली झाकून न्हेती. पोटुशीच्या दुधावर कुनाची नजर पडू ने. आत्ताच गेली बगा."

मुळे गावाकडे धावत सुटले.

६

तांब्या ओसरीवर आडवा पडला होता. तळाशी फेसाचे दोन बुडबुडे.

"प्यायली?" मुळे दमलेल्या आवाजात म्हणाले.

"प्याली की," छबूबाई म्हणाली. "जड जातंय तिला, पन मी पाजते. का वो?"

सायकल भिंतीला लावून मच्छिंद्र आत आला, मागून गडबड ऐकून उत्तमराव, दाराशी गहिनीनाथ. मुळे खाली बसले. त्यांना ओरडायचं नव्हतं. हिशोब ओरडून मांडता येत नाही.

"चेअरमन, मी महिनाभर तुमच्यावर संशय घेतला. गाय गाभडली ते तुम्ही लपवलंत, पण ती बैलाच्या शिंगाने. गहिनीनाथने गाय पळवली, पण ती गेल्यावरही साय निळीच राहिली. काल घरोघरच्या चरव्या तपासल्या, सगळ्या शुद्ध. कॅन इथून अर्धवट निघाला, केंद्रावर भरून पोचला. पाणी नव्हतं, फॅट बरोबर होतं. म्हणजे दूध होतं, आणि ते गाईचं नव्हतं, कारण गावातली गाय न् गाय मी तपासली आहे. म्हशीचं असतं तर फॅट वर गेलं असतं. उरलं काय?"

गहिनीनाथने दारातूनच ओढ्याकडे वळून बघितलं.

"नुसत्या शेळीच्या दुधावर साय चढत नाही. त्यामुळे शेळीचा रोग या परीक्षेत एकटा दिसत नाही. पण ते गाईच्या दुधात ओतलं, की गाईची साय शेळीचा रोग घेऊन वर येते. निळी कडी खरी होती आणि तुमच्या गाईंचं रक्तही खरं होतं. ओढ्यावरच्या शेळ्या गाभडतायत, आणि शेळीचा हा रोग गाईपेक्षा माणसाला जास्त जाळतो. पुष्पावती गाईला शिवली नाही, गाईचं दूध प्यायली नाही. ती शेळीचं प्यायली."

उत्तमराव भिंतीला टेकले. त्यांचा हात मिशीकडे गेला आणि वाटेतच खाली आला. "औषध म्हनून..." ते पुटपुटले. "मीच सांगितलं हुतं बनूला, रोज देत जा म्हनून."

"मच्छिंद्र, तुला माहीत होतं?"

"तुमी गाईंचं इचारलं, साहेब." मच्छिंद्राचा आवाज कोरडा होता. "सभेत तुमी म्हनलात, कुनाची गाय गाभडली का. गाय न्हवती गाभडली. कॅन भरला न्हाई, तर टेम्पो फाटा सोडतो. टेम्पो सुटला तर सोसायटी बुडाली. शेरडीचं म्हनलं असतं, तर त्याच दिशी कॅन बंद. म्हनून..."

"खोटं बोलला नाहीस तू. फक्त विचारलं तेवढंच सांगितलंस. या गावात सगळे तेवढंच करतात, आणि मी पुन्हा पुन्हा चुकीचा प्रश्न विचारत राहिलो." पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं. "तू आईला सांगितलंस, गाईचं दूध देऊ नको. शेळीचं देऊ नको, हे सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस, तर शेळीचं कशाला, कुठून, हे आईने विचारलं असतं, आणि कॅनचं उघडं पडलं असतं."

मच्छिंद्राला पहिल्यांदा काही कळेना. तो मुळ्यांकडे बघत राहिला, मग आईकडे. मग त्याची नजर ओसरीवरच्या आडव्या तांब्यावर गेली आणि तिथेच थिजली.

"आये," तो म्हणाला. "त्यात काय हुतं?"

छबूबाईने तांब्या उचलला. ती आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती मनकर्णेचं गाठोडं बांधूनच.

"सासऱ्याची वाट न्हाई बघायची," ती मुळ्यांना म्हणाली. "जीप मागवा."

७

नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मनकर्णेचं रक्त काढलं. त्यातलं थोडं मुळ्यांनी मागून घेतलं आणि आपल्या प्रयोगशाळेत, ज्या नळ्यांत त्यांनी निंबेवाडीच्या गाईंचं रक्त तपासलं होतं, त्याच मापाच्या नळ्यांत तपासलं. गाईंच्या नळ्या सगळ्या गढूळ राहिल्या होत्या, म्हणजे निर्दोष. या नळीत पाणी नितळ झालं आणि तळाशी जाळीसारखा थर बसला. अशी स्पष्ट नळी त्यांनी वर्षभरात पाहिली नव्हती. मनात कुठल्याही बाजूला काही मांडवेना.

सुया सुरू झाल्या. ताप उतरू लागला. बाई वाचणार, असं डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी तिला कळा सुरू झाल्या.

मुलगा होता. पूर्ण हातपायांचा, डोक्यावर केस असलेला. रडला नाही.

मुळे आले तेव्हा बाहेर व्हरांड्यात बाकावर मच्छिंद्र बसला होता. दोन दिवस तो तिथून हलला नव्हता. निंबेवाडीचा टेम्पो फाट्यावरून न थांबता जाऊ लागला होता. बनुबाईच्या शेळ्या चुन्याच्या खड्ड्यात गेल्या होत्या; मुळ्यांनी स्वतः उभं राहून ते काम करवून घेतलं होतं, आणि म्हातारी शेवटपर्यंत विचारत होती, माझ्या शेरडांनी काय केलं बाबा.

आतून छबूबाई आली. तिच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं गाठोडं होतं, पोळीच्या डब्याएवढं. ती लेकासमोर उभी राहिली.

"शेरड्या गाभ टाकत्यात, हे तुला कवा कळलं?"

"दिवाळीच्या आधी."

"आन् मी पयला तांब्या आनला तो सभेच्या दुसऱ्या दिशी. तू वसरीवर बसून दात घासत हुतास. पदराखाली झाकून आनला. तू बघितलंस माझ्याकडं."

"मला वाटलं... बाईमानसानं झाकून आनलेलं, कसं इचारायचं..."

"व्हय," छबूबाई म्हणाली. "कसं इचारायचं."

ती रडत नव्हती. मुळ्यांना वाटलं, आता ती त्याला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त खाली वाकून ते गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि ते घसरू नये म्हणून त्याचे दोन्ही हात उचलून त्यावर नीट ठेवून दिले.

"जावळ काढायला मामाचीच मांडी लागती," ती म्हणाली. "मामा हायेस तू. घे त्याला. आन् ऊठ, खड्डा तूच खन."